प्रथिन केंद्रकात आहे, पण जागेवर नाही: रन्क्स२ मधल्या एका छोट्या बदलाचं प्रकरण

(रुग्ण आणि कुटुंब यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

पार्श्वभूमी

नऊ वर्षांचा एक मुलगा दातांच्या डॉक्टरांकडे आला. पुढचे कायमचे दात येत नाहीत, एवढीच तक्रार होती. दुधाचे दात घट्ट बसलेले होते, एकही हलत नव्हता. जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढला तेव्हा कायमचे दात हिरडीखाली अडकलेले दिसले आणि त्यांच्यामध्ये जास्तीचे दातही दाटीवाटीने बसलेले दिसले. डॉक्टरांनी डोक्यावरून हात फिरवला, तर टाळू पूर्ण भरलेली नव्हती. खांदे पुढे आणायला सांगितल्यावर मुलाने ते छातीसमोर जवळजवळ एकमेकांना टेकवले. दोन्ही बाजूंच्या कॉलरबोनचा बाहेरचा भाग तयारच झालेला नव्हता.

क्लायडोक्रेनियल डिस्प्लेझिया या आजाराचं हे ठरलेलं चित्र आहे. मारी आणि सेंतों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये त्याला ‘क्लायडोक्रेनियल डिसॉस्टोसिस’ असं नाव दिलं, आजचं नाव नंतरचं आहे. साधारण दहा लाखांत एकाला हा आजार असतो. त्याचं कारण १९९७ मध्ये दोन बाजूंनी उलगडलं. रुग्णांच्या कुटुंबांमध्ये सहाव्या गुणसूत्रावरच्या रन्क्स२ या जनुकात दोष सापडले. त्याच वर्षी, या जनुकाच्या दोन्ही प्रती काढून टाकलेल्या उंदरांमध्ये हाड बनतच नाही, हेही दिसलं. त्या पिल्लांचा सांगाडा कूर्चेचाच राहिला आणि श्वास घेता न आल्यामुळे ती जन्मताच दगावली. एकच प्रत काढलेल्या उंदरांची टाळू आणि कॉलरबोन मात्र या रुग्णांसारखी होती.

रन्क्स२ हे जनुकनियामक प्रथिन आहे. हाड, कूर्चा, चरबी अशा मोजक्या प्रकारच्या पेशींत बदलण्याची क्षमता असलेली मूळ पेशी हाड घडवणारी पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, होणार की नाही, हे ते ठरवतं. ऑस्टेरिक्स हे पुढचं नियामक त्याच्यानंतर कामाला लागतं आणि ऑस्टिओकॅल्सिनसारखी हाडाची खास जनुकं चालू होतात. म्हणून या मुलाची रन्क्स२ ची तपासणी करायचं ठरलं, आणि त्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता.

प्रश्न कुठे अडकला

तपासणीत बदल सापडला, पण अहवालावर शेरा आला: ‘अर्थ अनिश्चित’.

हा शेरा समजून घ्यायचा तर बदल नीट पाहायला हवा. जनुकातून काही अक्षरं गळाली होती, पण तीनच्या पटीत (तीन अक्षरांवरून एक अमिनो आम्ल ठरतं). त्यामुळे पुढचं वाचन बिघडलं नव्हतं आणि प्रथिन मध्येच तुटलं नव्हतं. ५२१ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाच्या शेवटच्या तृतीयांशातून मोजकी अमिनो आम्लं तेवढी नाहीशी झाली होती. डीएनएला धरणारा रन्ट हा भाग पूर्ण शाबूत होता. बहुतेक रुग्णांमधले एका अमिनो आम्लाचे बदल याच भागात सापडतात. त्याला लागून असलेला, प्रथिनाला पेशीच्या केंद्रकात, म्हणजे डीएनए असतो तिथे, नेणारा तुकडाही शाबूत होता. अगदी टोकाची पाच अमिनो आम्लं, जिथे टीएलई हे दमन करणारं प्रथिन येऊन चिकटतं, तीही जागेवर होती. कागदावर पाहिलं तर या प्रथिनाचं काही बिघडायला नको होतं.

अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्सने २०१५ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार प्रत्येक पुराव्याला वजन मिळतं. वाचनचौकट न मोडता प्रथिनाची लांबी बदलणं हा मध्यम पुरावा. बदल सर्वसाधारण लोकसंख्येत न सापडणं हा नंतरच्या सुधारणेनुसार पूरक पुरावा (२०१५ च्या मूळ नियमांत तो मध्यम होता), आणि लक्षणं एकाच आजाराकडे बोट दाखवणारी असणं हा आणखी एक पूरक पुरावा. एक मध्यम आणि दोन पूरक मिळून ‘बहुधा रोगकारक’ची पायरी गाठता येत नाही. त्यासाठी मध्यम पुरावा एकच असेल तर पूरक निदान चार लागतात.

मुलाच्या आईने अहवाल वाचून थेट विचारलं, “म्हणजे याला तो आजार आहे की नाही?” जनुकतज्ज्ञ म्हणाल्या, “ताई, आजार आहे, त्याबद्दल शंका नाही. तो याच बदलामुळे झालाय का, हे आज सांगता येत नाही.” आईचा पुढचा प्रश्न धाकट्या मुलीबद्दल होता. ती दोन वर्षांची होती, टाळू अजून मोकळी होती, पण त्या वयात तेवढ्यावरून काही ठरवणं घाईचं झालं असतं. तिच्यात हा बदल आहे की नाही हे तपासणं सोपं होतं. मात्र अर्थ अनिश्चित असलेल्या बदलावर निरोगी दिसणाऱ्या मुलाचं भवितव्य सांगायचं नसतं. म्हणून मुलीची तपासणी थांबली.

गळालेली अमिनो आम्लं कुठली, याकडे आमच्या गटाचं लक्ष इथे गेलं. ती ३८ अमिनो आम्लांच्या एका तुकड्यातली होती, आणि हा तुकडा रन्क्स२ केंद्रकात गेल्यावर *कुठे* बसेल हे ठरवतो.

केंद्रकातली जागा म्हणजे काय

थोडं थांबून हे सांगायलाच हवं, कारण प्रकरणाचा सगळा भार यावर आहे.

ऑस्टिओब्लास्टमधलं रन्क्स२ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ते केंद्रकभर सारखं पसरलेलं दिसत नाही. बारीक बारीक ठिपके दिसतात. जिवंत पेशीतला एखादा ठिपका लेसरने विझवला, तर काही सेकंदांत तो पुन्हा उजळतो. ठिपका जागचा हलत नाही, पण त्यातले रेणू सतत ये-जा करत असतात. हाडाला वाढीचा संदेश देणारं बीएमपी२ पेशीवर टाकलं की स्मॅड ही संदेशवाहक प्रथिनं केंद्रकात येतात आणि रन्क्स२ च्या याच ठिपक्यांमध्ये गोळा होतात. म्हणजे बाहेरून आलेला संदेश आणि जनुक चालू करणारी यंत्रणा यांची गाठ इथे पडते. नोकरीवर रुजू झालेला माणूस इमारतीत शिरला, ओळखपत्रही गळ्यात आहे, पण त्याला ज्या विभागात बसायचं तो सापडलाच नाही, तर त्याच्या सहीसाठी थांबलेली फाइल तिथेच पडून राहते. जागा चुकलेल्या नियामकाचं असंच होतं.

याला २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगाने बळ दिलं. त्यात ३७६व्या अमिनो आम्लापुढची रन्क्स२ ची सगळी शेपटी काढून टाकली होती. उरलेलं प्रथिन टिकत होतं, केंद्रकात जात होतं, डीएनएला धरतही होतं. तरीही दोन्ही प्रतींमध्ये हा बदल असलेल्या पिल्लांमध्ये हाड बनलं नाही. माणसातही असंच उदाहरण आहे. ३९१व्या जागी थांबणारं रन्क्स२ क्लायडोक्रेनियल डिस्प्लेझियाच्या रुग्णात सापडलं आणि ते स्मॅडशी जोडलं जात नाही, हे २००० मध्ये दाखवलं गेलं.

आमच्या प्रकरणात हे पुरावे जसेच्या तसे लावता येत नव्हते. त्या दोन्ही उदाहरणांमध्ये शेपटीबरोबर बरंच काही गेलं होतं: जागा ठरवणारा तुकडा, स्मॅडला धरणारी जागा, टोकाची पाच अमिनो आम्लं, सगळंच. आमच्या मुलात एक कोपरा तेवढा गेला होता. त्यातही बारकावा असा की स्मॅडला धरणारी तीन अमिनो आम्लं (४२६ ते ४२८) याच ३८च्या पट्ट्यात येतात, आणि ती शाबूत होती. ही तीन बदलली तर रन्क्स२ ठिपक्यांत नीट बसतं, पण स्मॅड तिथे येत नाही, हे आधीच्या प्रयोगांतून माहीत होतं. त्यामुळे ‘जागा मिळाली नाही’ आणि ‘जागा मिळाली, पण संदेश पोचला नाही’ हे दोन बिघाड वेगळे ओळखणं शक्य होतं. आमच्या बदलात यांतला कुठला बिघाड होता, किंवा मुळात बिघाड होता का, हाच प्रश्न उरला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता. निदान लक्षणांवरून पक्कं होतं, दातांचे उपचार त्यावर सुरू करता येत होते. मुलापुरतं पाहिलं तर हा पर्याय वाईट नव्हता. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यातून कधीच मिळालं नसतं.

दुसरा पर्याय घराण्यात शोध घेण्याचा. आजार आणि बदल कुटुंबात बरोबरीने चालतात का, हे पाहायचं. आई ठेंगणी होती आणि लहानपणी तिचेही दात काढावे लागले होते. “आमच्याकडे सगळ्यांचेच दात उशिरा येतात,” असं ती सहज म्हणाली होती. हे वाक्य पहिल्या भेटीच्या टिपणात लिहिलेलं आहे. तेव्हा त्याचा पाठपुरावा झाला नाही, कारण मामाचं कुटुंब दूर राहत होतं आणि त्यांना यात ओढायला आई तयार नव्हती.

तिसरा पर्याय प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी. ऑस्टिओकॅल्सिनच्या नियंत्रक भागापुढे प्रकाश देणारं जनुक जोडायचं, ते प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या सुट्या कड्यावर, ठेवून पेशीत सोडायचं, बरोबर बदललेलं रन्क्स२ द्यायचं आणि प्रकाश मोजायचा. ही चाचणी लवकर होते, स्वस्त असते आणि आकड्यात उत्तर देते.

चौथा पर्याय म्हणजे बदललेलं प्रथिन केंद्रकात कुठे बसतं हे प्रत्यक्ष पाहणं. याला वेळ जास्त, पेशी वेगळ्या लागतात आणि चित्राचा अर्थ लावताना चुका होण्याच्या जागा पुष्कळ.

गटाने तिसरा निवडला, आणि चौथा ‘गरज पडली तर’ म्हणून बाजूला ठेवला.

पहिली चाचणी आणि तिने तयार केलेला गैरसमज

प्रकाश-चाचणीत बदललेल्या रन्क्स२ ने सामान्य प्रथिनापेक्षा थोडाच कमी प्रकाश दिला. डीएनए-पकडीची वेगळी चाचणी तर अगदी सामान्य निघाली. दोन्ही निकाल खरे होते, आणि दोन्हींनी दिशाभूल केली.

त्याचं कारण प्लास्मिडमध्ये आहे. पेशीत सोडलेला प्लास्मिड गुणसूत्रातल्या डीएनएसारखा हिस्टोन या प्रथिनांभोवती नीट गुंडाळलेला, दाबलेला नसतो. खऱ्या गुणसूत्रावर ऑस्टिओकॅल्सिनचा नियंत्रक भाग आधी बंद असतो आणि रन्क्स२ ने तो उघडावा लागतो. रॅटच्या ऑस्टिओकॅल्सिन जनुकात रन्क्स२ बसण्याच्या तीन जागा आहेत. तिन्ही एकदम बिघडवल्या तर तो भाग उघडत नाही, आणि ड जीवनसत्त्वाला मिळणारा प्रतिसादही जातो. प्लास्मिडवर उघडण्याचं काम मुळात उरतच नाही. शिवाय अशा चाचणीत प्रथिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवलं जातं. केंद्रक इतकं गच्च भरल्यावर योग्य जागेचं महत्त्व राहत नाही.

इथे प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय झाला. मुलाला पाठवणाऱ्या डॉक्टरांना अंतरिम पत्र गेलं, त्यात ‘प्रथिनाची क्रिया बहुतांशी टिकून आहे’ असं वाक्य होतं. पत्र वाचणाऱ्याने ते ‘बदल निरुपद्रवी दिसतो’ असं घेतलं. तिथून पुढे निदानाबद्दलच शंका निघाली, दातांची शस्त्रक्रिया आणि ब्रेसेस यांचं एकत्र वेळापत्रक लांबणीवर पडलं. या आजारात जास्तीचे दात योग्य वयात काढले आणि अडकलेल्या दातांना वाट करून दिली तर त्यांना खाली ओढून आणता येतं. उशीर झाला की तेच काम अवघड होत जातं. पुढे डॉक्टरांशी प्रत्यक्ष बोलणं झालं, निदान लक्षणांवर आधारलेलं आहे आणि ते तसंच उभं आहे हे स्पष्ट झालं, आणि उपचार पुन्हा मार्गी लागले.

चाचणी बदलली

गटाने प्रश्नच बदलून घेतला. ‘हे प्रथिन जनुक चालू करू शकतं का?’ याऐवजी ‘स्वतःच्या प्रमाणात असताना हे प्रथिन जागेवर पोचतं का, आणि तिथून गुणसूत्रावरचं खरं जनुक उघडतं का?’ असं विचारायचं ठरलं.

पेशी निवडणं हा पहिला निर्णय. मुलाच्या पेशींमध्ये एक प्रत सामान्य, एक बदललेली. दोन्ही प्रथिनांची लांबी जवळजवळ सारखी, दोन्ही टोकं शाबूत, त्यामुळे बाजारातल्या कुठल्याही अँटिबॉडीला त्यांतला फरक कळला नसता. म्हणून रन्क्स२ अजिबात नसलेल्या उंदराच्या कवटीच्या पेशी घेतल्या. त्यांत डॉक्सीसायक्लिन दिल्यावरच चालू होणारं जनुक बसवलं आणि औषधाची मात्रा इतकी कमी ठेवली की प्रथिनाचं प्रमाण खऱ्या ऑस्टिओब्लास्टच्या जवळ राहावं. मात्रा ठरवण्याचं हे काम कंटाळवाणं असतं, पण माझ्या मते सगळ्या प्रयोगाची विश्वासार्हता त्यावरच उभी होती.

दुसरा निर्णय हिरव्या रंगात चमकणाऱ्या जीएफपी या प्रथिनाची खूण कुठे जोडायची हा. मागच्या टोकाला जोडणं सोपं होतं. पण त्या टोकाची पाच अमिनो आम्लं शेवटी असली तरच टीएलई त्यांना धरतं. मागे जीएफपी लावलं की ती झाकली जातात आणि सामान्य प्रथिनही थोडं अपंग होतं. म्हणून खूण पुढच्या टोकाला लावली.

तिसरा निर्णय तुलनेसाठी कोण कोण हवं हा. सामान्य रन्क्स२ होतंच. ३९१ला तुटलेलं घेतलं, कारण ते जागेवर बसायला नको होतं. २२५व्या जागी बदल असलेलं घेतलं. रुग्णांमध्ये सापडलेला हा बदल केंद्रकात शिरण्यातच आडकाठी आणतो, त्यामुळे तो केंद्रकाबाहेर दिसायला हवा होता. आणि स्मॅड-जागेची तीन अमिनो आम्लं बदललेलं घेतलं, जे ठिपक्यांत दिसायला हवं, पण स्मॅडला बोलवायला नको. या चौघांनी अपेक्षेप्रमाणे वागून दाखवल्याशिवाय मुलाच्या बदलाबद्दल काही बोलायचं नाही, हे आधीच लिहून ठेवलं.

चौघं अपेक्षेप्रमाणे वागली. मुलाच्या बदलाचं रन्क्स२ केंद्रकात गेलं, पण ठिपके जवळजवळ दिसले नाहीत. एकसारखी हिरवी छटा पसरलेली होती. चित्रं मोजणाऱ्याला कुठली पेशी कुठल्या गटातली हे माहीत नव्हतं. विभाजन चालू असलेल्या पेशी मोजणीतून वेगळ्या ठेवल्या, कारण तेव्हा केंद्रकाचं आवरणच उरत नाही आणि सामान्य रन्क्स२ चीही मांडणी बदललेली असते. (हाही विषय स्वतंत्रपणे मन गुंतवणारा आहे. विभाजनातही रन्क्स२ काही जनुकांना, रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकांनाही, चिकटून राहतं आणि नव्या दोन्ही पेशींत त्याची वाटणी सारखी होते. पेशी आपली ओळख पुढच्या पिढीला कशी देते याचा तो एक धागा आहे.)

चित्रावर किती भरवसा

ठिपके नाहीत म्हटल्यावर लगेच निष्कर्षाला जायचा मोह होता. गटात इथे चांगला वाद झाला.

केंद्रकातली घट्ट चौकट तपासण्याची जुनी पद्धत अशी: डिटर्जंटने विरघळणारी प्रथिनं धुवायची, मग डीएनए कापणारं विकर आणि क्षारयुक्त द्राव वापरून क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला गुंडाळणारी प्रथिनं) काढायचं, आणि जे उरतं ते पाहायचं. सामान्य रन्क्स२ या धुलाईनंतरही उरतं. आमचं बदललेलं धुऊन गेलं. पण या पद्धतीवर फार जुना आक्षेप आहे: क्षारांच्या माऱ्यात प्रथिनं एकमेकांना चिकटून जी चौकट दिसते ती जिवंत पेशीत तशी असतेच का? फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करतानाही ठिपके नव्याने उमटू शकतात किंवा पुसले जाऊ शकतात.

म्हणून निकाल धुतलेल्या किंवा स्थिर केलेल्या पेशींवर न सोडता जिवंत पेशींतल्या चित्रावर ठरवायचा, आणि धुलाई फक्त जोडपुरावा मानायचा, असं ठरलं. जिवंत पेशींतही चित्र तेच निघालं. लेसरने विझवलेला भाग बदललेल्या प्रथिनात सामान्यपेक्षा लवकर उजळला. प्रथिन कुठे धरून राहत नव्हतं, याच्याशी हे जुळतं.

कन्डेन्सेटचा मुद्दाही एका सहकाऱ्याने मांडला. अलीकडे अशा ठिपक्यांकडे विरघळलेल्या द्रावात घट्ट थेंब तयार व्हावेत तशा जमावाच्या रूपात पाहिलं जातं. रन्क्स२ मध्ये २३ ग्लुटामिन आणि १७ अ‍ॅलानिनची सलग माळ आहे. अ‍ॅलानिन वाढून २७ झालेलं कुटुंब १९९७ मध्येच नोंदलं गेलं होतं, आणि अशा वाढीने या जमावाची घडण बदलते, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे रन्क्स२ ची जागा एकाच तुकड्यावर ठरत नाही. आमच्या मुलाच्या प्रथिनात ही माळ सामान्य होती, तरी ठिपके गेले. त्यावरून एवढंच म्हणता येतं की माळ असणं इथे पुरेसं ठरलं नाही.

शेवटी चित्रापलीकडचा पुरावा घेतला. बीएमपी२ दिल्यावर सामान्य रन्क्स२ असलेल्या पेशींत स्मॅड ठिपक्यांत जमा झालं. मुलाच्या बदलात स्मॅड केंद्रकात आलं, पण विखुरलेलं राहिलं. स्मॅड-जागा शाबूत असूनही भेट होत नव्हती. गुणसूत्रावरच्या ऑस्टिओकॅल्सिनचा नियंत्रक भाग बंदच राहिला, ते जनुक जेमतेम चालू झालं, आणि पेशींना हाड बनवायला लावणाऱ्या द्रावात ठेवूनही साठलेलं कॅल्शियम दाखवणारा अ‍ॅलिझरिनचा लाल रंग फारसा चढला नाही. प्लास्मिडवर जे जवळजवळ सामान्य होतं, ते खऱ्या गुणसूत्रावर कोसळलं होतं.

दरम्यान मुलाचे जास्तीचे दात उपचार म्हणून काढले गेले. आई-वडिलांच्या संमतीने त्यांतल्या गराच्या पेशी वाढवल्या. त्यांची खनिज साठवण्याची गती मंद होती. एक सामान्य प्रत असलेल्या पेशींकडून असंच अपेक्षित होतं. कारण कुठलं हे यातून कळत नाही, म्हणून हा निकाल नोंदवला, पण पुराव्यात धरला नाही.

निष्पत्ती

एवढं सगळं करून प्रयोगशाळेच्या पुराव्याला वजन मिळालं ते फक्त ‘पूरक’. हे योग्यच आहे. चाचणीचा पुरावा किती जड मानायचा हे तुलनेच्या नमुन्यांच्या संख्येवर ठरतं, आणि चार नमुन्यांवर याहून वरचं वजन मागता येत नाही. एक मध्यम आणि तीन पूरक. एक पूरक अजून कमी होता.

तो घराण्यातून आला. मुलाच्या पेशींमध्ये नेमकं काय बिघडतं हे चित्रं दाखवून समजावल्यावर आईने स्वतःहून भावाला फोन केला. आईच्या छातीच्या एक्स-रेत उजव्या कॉलरबोनचा बाहेरचा भाग अपुरा निघाला. मामाचे जास्तीचे दात तरुणपणीच काढलेले होते. मामेबहिणीची टाळू शाळेत जायच्या वयापर्यंत भरली नव्हती. तिघांच्याही रक्तात तोच बदल सापडला. तिघांपर्यंत तो निव्वळ योगायोगाने पोचण्याची शक्यता आठात एक. म्हणजे आणखी एक पूरक पुरावा, आणि बदल ‘बहुधा रोगकारक’ या वर्गात गेला.

धाकट्या मुलीची तपासणी झाली. तिच्यात बदल आहे. तिच्या दातांचा पहिला एक्स-रे कधी, कान आणि सायनसच्या संसर्गाकडे कधी लक्ष द्यायचं, टाळू भरेपर्यंत डोक्याला मार लागू नये म्हणून काय करायचं, हे आता आधीच ठरवलेलं आहे. आईने विचारलं, “म्हणजे हे माझ्याकडूनच आलं?” जनुकतज्ज्ञांनी सांगितलं, “आलं तुमच्याकडून, पण त्यात तुमचा दोष काहीच नाही. आणि तुमच्यामुळेच ते लवकर कळलं.” मामेबहिणीलाही त्याच दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा बदल क्रमात व्हायला हवा होता. “आमच्याकडे सगळ्यांचेच दात उशिरा येतात” हे वाक्य पहिल्याच दिवशी टिपणात होतं. आईचा छातीचा एक्स-रे आणि रक्ताचा नमुना यांना फार वेळ लागला नसता. घराण्याचा पुरावा एकटा पुरला नसता हे खरं, तीन पूरकांवर गाडी अडलीच असती. पण त्यामुळे बदलावरचा संशय सुरुवातीपासून पक्का राहिला असता आणि अंतरिम पत्रातलं ते वाक्य लिहितानाच हात थांबला असता. आईची सुरुवातीची नाराजी मात्र हलक्यात घेण्यासारखी नव्हती. कारण पटल्यावर तिने आपणहून दार उघडलं. तिला आधी दडपण आणलं असतं तर ते कदाचित उघडलंच नसतं.

दुसरं, प्रकाश-चाचणी पहिली करण्यात गैर नव्हतं, पण तिच्या निकालाचा आवाका आधी ठरवायला हवा होता. बदल रन्ट भागात असता तर ती पुरेशी होती. शेपटीतल्या, जागा ठरवणाऱ्या तुकड्यातल्या बदलासाठी ती नेमका विचारायचा प्रश्नच विचारत नाही. आता गटात असा नियम आहे की रन्क्स२ च्या शेपटीतला बदल असेल तर प्लास्मिडचा आकडा एकट्याने बाहेर जात नाही. त्याच्यासोबत गुणसूत्रावरच्या जनुकाचं मोजमाप असावं लागतं, तेही प्रथिनाचं प्रमाण खऱ्या पेशीइतकं ठेवून.

तिसरं तुलनेच्या नमुन्यांबद्दल. चारऐवजी नमुने बरेच जास्त असते, त्यांत निरुपद्रवी म्हणून माहीत असलेले शेपटीतले बदलही असते, तर चाचणीचं वजन वाढवून मागता आलं असतं. आमच्याकडे निरुपद्रवी बदल एकही नव्हता, आणि ही उणीव मला आजही खटकते. रोगकारक बदलांनी ठिपके जातात हे दाखवणं अर्धंच काम आहे. शेपटीतला निरुपद्रवी बदल असताना ठिपके टिकतात, हे दाखवलं की चाचणी दुसऱ्या कुटुंबांसाठीही वापरता येईल. असे बदल सार्वजनिक नोंदींमधून निवडून ते त्याच पेशींमध्ये बसवण्याचं काम आता सुरू आहे.

अंतरिम पत्राचा नमुनाही बदलला आहे. त्यात पहिल्या ओळीत रुग्णाचं निदान कशावर आधारलेलं आहे ते येतं, दुसऱ्या ओळीत हे पत्र कोणत्या एका प्रश्नाचं उत्तर देतं ते, आणि तिसऱ्या ओळीत या निकालावरून उपचार थांबवू नयेत, असं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असतं.